दिवसाच्या साठ घटका

पंचांगाच्या हिशेबाने एका अहोरात्राच्या साठ घटका होतात. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तळाशी बारीक छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडावयाचे, आणि ते भरून बुडाले की एक घटका झाली असे मोजावयाचे, ही जुनी रीत लग्नघरी अद्यापही क्वचित पाहावयास मिळते. बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील शेतकऱ्याने तर गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच वेळी तीन कालगणना सांभाळल्या. सणवार आणि लग्नकार्य शालिवाहन शकाच्या पंचांगाने. सारा आणि कचेरीचे कागद हैदराबाद संस्थानच्या फसली सनाने, ज्याचे महिने आझूर, दै, बहमन अशा इराणी नावांचे होते. आणि आगगाडी इंग्रजी घड्याळाने. बीदर शहराच्या मध्यभागी उभ्या असलेल्या चौबाऱ्याच्या माथ्यावर चारही दिशांना घड्याळे बसविलेली आहेत. वेळ मोजण्याच्या साधनांची या भागात कधीच उणीव नव्हती. मोजलेल्या वेळेचे करावयाचे काय, हा प्रश्न मात्र घड्याळाने सुटत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत गंभीर विचार ज्या ठिकाणी झाला, ते ठिकाण याच भूमीत आहे, ही गोष्ट येथील वाचकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

कायकाचा दिवस

बाराव्या शतकात कल्याण, म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, ही कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी होती. त्याच्या दरबारी महात्मा बसवेश्वर कोषाधिकारी होते. त्यांच्याभोवती जो शरणांचा समुदाय जमला, त्यात सर्व धंद्यांचे लोक होते. नुलिय चंदय्या दोर वळीत असे, मडिवाळ माचय्या कपडे धूत असे, अंबिगर चौडय्या नाव चालवीत असे, हरळय्या जोडे शिवीत असे. या सर्वांनी आपल्या धंद्याला 'कायक' असे नाव दिले. देहाने करावयाचे प्रामाणिक काम तेच पूजन, असा त्याचा आशय होता. काम संपल्यावर मिळकतीतील गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला द्यावयाचे, त्याला 'दासोह' म्हणत. आणि त्यानंतर अनुभव मंटपात एकत्र बसून बोलावयाचे, ऐकावयाचे, विचारावयाचे. त्या सभेच्या अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू असत.

काम, दान आणि चिंतन यांची ही विभागणी बहुधा तत्त्वज्ञान म्हणून सांगितली जाते. परंतु ती एक दिनचर्याही आहे. कायक हे सणासुदीला करावयाचे कृत्य नव्हे. ते रोजचे आहे. आजची पूजा उद्यावर टाकता येत नाही, तद्वतच आजचे कायकही उद्यावर टाकता येत नाही.

या संदर्भात आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची कथा वचनपरंपरेत प्रसिद्ध आहे. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्या अनुभव मंटपातील चर्चेत इतका रमला, की कायकाची वेळ टळून गेली. तेव्हा लक्कम्माने त्याला जागे केले : कायक थांबले आहे, आधी जा. मारय्या धावत गेला आणि राहिलेली वेळ भरून काढावी म्हणून त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आला. लक्कम्माने ते पाहिले आणि जास्तीचे दाणे जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. गरजेपेक्षा अधिक वेचणे तिला मान्य नव्हते.

ही कथा औदार्याची किंवा निर्लोभतेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण वेळेच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यात दोन कडक नियम आढळतात. पहिला असा, की उत्तम गोष्टीनेही दुसऱ्या गोष्टीची वेळ खाऊ नये. मारय्या काही पारावर चकाट्या पिटत बसला नव्हता. तो ज्ञानचर्चेत होता. तरीही कायकाची वेळ ती कायकाचीच. दुसरा नियम त्याहून सूक्ष्म आहे. वाया गेलेला वेळ दुसऱ्या दिवशी दुप्पट ओरबाडून भरून निघत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री वर्षाचा अभ्यास उरकणारा विद्यार्थी आणि मार्च महिन्यात वर्षाचा खर्च उरकणारी कचेरी यांनी लक्कम्माची गाठ घ्यावयास हवी होती.

वेळेची ही शिस्त केवळ गरिबाघरची नव्हे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बीदर येथे १४७२ मध्ये मदरसा उभारला. त्याच्या पडक्या भिंती आणि उरलेला एक मिनार आजही दिसतो. एवढ्या मोठ्या राज्याचा भार वाहणाऱ्या या पुरुषाने फुरसतीचा वेळ त्या मदरशात विद्वानांच्या सहवासात घालविला, असे इतिहासकार नमूद करतात. राहणी त्याची साधी होती. १४८१ मध्ये एका बनावट पत्रावरून त्याचा वध झाला. त्याची सत्ता तेथे संपली, मदरशाचे नाव मात्र राहिले.

जात्याची वेळ

लक्कम्माच्या कथेत वेळेची आठवण ठेवणारी व्यक्ती स्त्री आहे, हा योगायोग नाही. घरातील प्रत्येकाच्या वेळेचा हिशेब ठेवणारी तीच असते, आणि स्वतःच्या नावावर एकही घटका नसलेलीही पुष्कळदा तीच असते.

वेळेचा सदुपयोग करा, असा उपदेश करणाऱ्या लेखांत व भाषणांत एक गृहीत दडलेले असते : ज्याला उपदेश करावयाचा त्याच्या हाती वेळ आहे. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातील एखाद्या गावात पहाटेपासून हिंडून पाहिल्यास हे गृहीत किती अपुरे आहे ते कळून येते. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केले. दिवसाचा वेळ कोण कशावर खर्च करतो, हे घरोघर विचारून नोंदविण्यात आले. २०२४ च्या पाहणीत असे आढळले, की घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, आणि अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ असे होते. २८९ मिनिटे म्हणजे बारा घटका झाल्या. दिवसाच्या साठ घटकांपैकी बारा, आणि त्याही शेतातील मजुरी, खुरपणी, वेचणी वगळून. पाच वर्षांत स्त्रीच्या वाट्याची दहा मिनिटे कमी झाली, ही समाधानाची गोष्ट म्हणावी, तर पुरुषाच्याही वाट्याची नऊ मिनिटे कमी झाली आहेत.

दोन पिढ्यांपूर्वी या बारा घटकांत दळण होते. पहाटे तीन-चार वाजता उठून जात्यावर बसावयाचे, दिवस उगवेपर्यंत घरच्या भाकरीपुरते पीठ काढावयाचे. हा वेळ कष्टाचा होता यात संशय नाही. पण त्या बायांनी त्या वेळेचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी ओव्या रचल्या. माहेर, भाऊ, विठ्ठल, दुष्काळ, सासूचा जाच, सीतेचा वनवास, पुढील काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, असे सारे जग त्यांनी खुंटा फिरविता फिरविता ओवीत आणले. हेमा रायरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांत हिंडून ज्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. सक्तीच्या वेळेतून एवढे निर्माण करणाऱ्या या स्त्रियांना वेळेच्या विनियोगाचे धडे कोणी द्यावेत?

पिठाची गिरणी आली आणि तो वेळ सुटला. पुढे गॅस आला, काही गावांत दारात नळ आला. प्रत्येक सोयीने थोड्या घटका मोकळ्या केल्या. त्या गेल्या कोठे? काही शेतमजुरीत गेल्या, काही मुलांच्या शाळेत, काही बचतगटाच्या बैठकीत, काही दूरचित्रवाणीवरील मालिकांत. गिरणीवर डबा घेऊन जाताना ओवी सुचत नाही हे खरे. परंतु ओवीसाठी जाते परत आणावे, असे म्हणणे हा घरी बसलेल्या पुरुषांचा विलास आहे. सुटलेल्या वेळेतील थोडा तरी भाग त्या स्त्रीच्या स्वतःच्या नावावर राहावा, एवढीच गोष्ट मागण्यासारखी आहे.

वापसा आणि येळवस

शेतकऱ्याला वेळेचे महत्त्व समजत नाही, असे म्हणणाऱ्याने मृगाचा पाऊस पडल्यानंतर त्याच्यासोबत दोन दिवस काढावेत. पाऊस पडला म्हणून लगेच पेरता येत नाही. माती चिकट असते. दिवस गेले तरी पेरता येत नाही, ओल उडते. या दोहोंमधील जो नेमका काळ, त्याला वापसा म्हणतात. बीदरभोवतीच्या तांबड्या, जांभ्या दगडाच्या मातीत वापसा लवकर येतो आणि लवकर जातो. खालच्या काळ्या रानात तो उशिरा येतो. मूठभर माती हातात दाबून तो ओळखणारा शेतकरी घड्याळ पाहत नाही, तरी त्याची वेळ चुकत नाही. तूर, मूग, उडीद, सोयाबीन यांची पेरणी, पुढे रब्बीच्या ज्वारीची हस्ताच्या सुमारास पेरणी, मार्गशीर्ष-पौषात तुरीची कापणी व रास, आणि ज्वारीची काढणी झाली, की मग कोरडवाहू गावात काम संपते. तेथून मृगापर्यंतचे महिने कित्येक घरांना मजुरीसाठी गाव सोडावयास लावतात. जे गावात राहतात त्यांचा दिवस पारावर आणि अलीकडे मोबाईलच्या पडद्यावर सरतो.

कामाच्या वेळेइतकीच विसाव्याची वेळ नेमलेली असावी, हे जाणणारा एक सण या भागात आहे. मार्गशीर्ष अमावास्येला बीदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिव या पट्ट्यात घरेच्या घरे शेतात लोटतात. कडब्याची कोप उभारून तीत पाच पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांची पंगत पिकात बसते, आणि ज्याचे शेत नाही त्याला शेजारी आग्रहाने आपल्या शेतात नेतो. या दिवसास येळवस, येळ अमावास्या किंवा वेळ अमावास्या म्हणतात. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. त्या एळ्ळु अमावास्येचा मराठी तोंडी 'वेळ' झाला, असे सांगितले जाते. दोन भाषांच्या सीमेवर तिळाची वेळ व्हावी, ही चूक असली तरी मोठी गोड चूक आहे. ऐन हंगामात, तूर कापणीला आलेली आणि ज्वारी निसवण्याच्या बेतात असताना, संपूर्ण दिवस काम बंद ठेवून पिकाकडे नुसते पाहत बसण्याची ही रीत आहे. त्या दिवशी तालुक्याच्या गावीही बाजारपेठ सुनी पडते आणि त्याबद्दल कोणीही हळहळत नाही.

विण्याचा पहारा

व्यक्तीने एकट्याने नेम करावा आणि तो मोडावा, हा सर्वांच्या परिचयाचा प्रकार आहे. पहाटे उठण्याचा, रोज दोन पाने वाचण्याचा, हिशेबाची वही लिहिण्याचा निश्चय पाडव्याला होतो आणि हनुमान जयंतीपर्यंत विरतो. याचे कारण माणसाची इच्छाशक्ती दुबळी आहे, असे नेहमी सांगितले जाते. खेड्यातील अनुभव वेगळे काही सांगतो. तेथे एकट्याचा नेम टिकत नाही, पाळी मात्र टिकते.

अखंड हरिनाम सप्ताहाचे उदाहरण घ्यावे. सात दिवस आणि सात रात्री विणा खाली ठेवावयाचा नसतो. तो कोणाच्या तरी गळ्यात असावाच लागतो. यासाठी पहाऱ्यांची यादी केली जाते. कोणाचा पहारा किती ते किती, हे नावानिशी लिहून देवळाच्या भिंतीवर लावले जाते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन, मग प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन व त्यानंतर जागर, असा कार्यक्रम छापील पत्रिकेत तासांनिशी दिलेला असतो आणि तो त्या तासांना होतो. ज्या गावात ग्रामसभा अकराची म्हणून एकला सुरू होते, त्याच गावात रात्री दोनचा पहारेकरी पावणेदोनला हातपाय धुऊन उभा असतो. त्याला कोणी दंड करीत नाही. आधीचा पहारेकरी आपली वाट पाहत आहे, एवढे त्याला ठाऊक असते.

आपण गेलो नाही तर दुसऱ्याचा खोळंबा होईल, ही जाणीव जेथे आहे तेथे वेळ पाळली जाते. विहिरीवरच्या पाणीपाळीलाही हेच लागू आहे, आणि इरजिकीलाही. म्हणून दिवसातील अर्धा-एक तास वाचनासाठी, लेखनासाठी, लेकरांच्या अभ्यासासाठी राखावयाचा असेल, तर तो एकट्याच्या निश्चयावर न सोडता पहाऱ्यासारखा बांधून घेणे इष्ट ठरते.

अशी सामुदायिक बांधणी राष्ट्रीय पातळीवरही एकदा करून पाहण्यात आली होती. १९२४ च्या डिसेंबरात बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरले. ते अध्यक्ष झाले असे हे एकमेव अधिवेशन. सभासदत्वासाठी चार आणे वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट तेथे मान्य झाली. त्याच वर्षी, त्यापूर्वी, प्रतिनिधींनी रोज अर्धा तास सूत कातावे असा ठराव झालेला होता. पुढाऱ्यांना पैसे देणे सोपे होते, रोजचा अर्धा तास देणे कठीण, हे लवकरच दिसून आले आणि पुढल्याच वर्षी ती अट सैल करावी लागली. दूरदूर विखुरलेल्या पुढाऱ्यांना एकमेकांचा चरखा दिसत नव्हता. गावात मात्र सर्वांना सर्वांचे दिसते.

सातचा भोंगा

असा एक यशस्वी प्रयोग सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने केला. कोरोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्या, मुलांच्या हाती अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईल आले, आणि शाळा उघडल्यावरही ते हातातून सुटेनात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांच्या ग्रामसभेत विषय निघाला. तेव्हापासून रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजू लागला. भोंगा वाजताच घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद करावयाचे, साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास करावयाचा आणि मोठ्यांनी वाचन अथवा परस्परांशी बोलणे करावयाचे. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीस गावातील शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना घरोघर फिरून समजावून सांगावे लागले. पुढे या गावाची वार्ता देशभर पोहोचली. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील हलगा या गावानेही सायंकाळी सात ते नऊ या वेळेत पडदे बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. सीमेच्या अलीकडे व पलीकडे अशा दोन्ही बाजूंस हे झाले, ही बाब बीदर व कलबुर्गीच्या गावांनी पाहण्याजोगी आहे.

तथापि या प्रयोगात एक अवघड जागा आहे. सायंकाळी सात ते साडेआठ ही वेळ पुरुषाच्या दृष्टीने मोकळी असते. स्त्रीच्या दृष्टीने ती चुलीची असते, आणि मालिका हा दिवसभरात तिला मिळालेला कदाचित एकमेव विसावा असतो. पडदा बंद केल्याने मुलाचा अभ्यास होईल, वडील वर्तमानपत्र वाचतील, आणि आईच्या वाट्याला भाकऱ्या थापताना भिंतीकडे पाहणे उरेल, असे झाल्यास तो प्रयोग तिच्या वेळेवर उभा राहील. मोहित्यांच्या वडगावात महिलांनी आपण होऊन हे ठरविले, यात त्याचे बळ आहे. अन्यत्र तो वरून लादला गेल्यास टिकणे कठीण. भोंग्यानंतरच्या दीड तासात घरातील पुरुषाने पाणी भरणे, भांडी विसळणे, धाकट्याला सांभाळणे यांपैकी एक काम रोज उचलले, तर त्या ८८ मिनिटांत काही भर पडेल आणि तिच्याही हाती पुस्तक येऊ शकेल.

पुस्तक कोठून आणावयाचे, हा प्रश्न आता पूर्वीइतका कठीण राहिलेला नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतींची ग्रंथालये 'अरिवु केंद्र' या नावाने चालविली जातात. 'अरिवु' म्हणजे ज्ञान, जाणीव. मराठी भाषिक गावांतील केंद्रांत मराठी पुस्तके पुरेशी आहेत की नाहीत, हे गावकऱ्यांनी जाऊन पाहावे आणि नसल्यास ग्रामसभेत लेखी मागावे. सीमेवरील मुलाला घरी मराठी, शाळेत मराठी अथवा कन्नड, बाजारात दोन्ही आणि शिवाय दखनी, अशा भाषांत वावरावे लागते. त्याच्यासाठी या दीड तासातील पंधरा मिनिटे कन्नड लिपीच्या सरावासाठी राखून ठेवणारा शिक्षक त्याचे पुढील आयुष्य सोपे करील. ज्याला तालुक्याचा फलक आणि कचेरीचा अर्ज स्वतः वाचता येतो, त्याला मध्यस्थाची वाट पाहत दिवस घालवावा लागत नाही.

खिडकीसमोरील घटका

येथे दुसऱ्या बाजूचाही उल्लेख केला पाहिजे. गावकऱ्याचा पुष्कळसा वेळ त्याने स्वतः वाया घालविलेला नसतो. तो दुसऱ्याने वाया घालविलेला असतो. एका उताऱ्यासाठी तीन हेलपाटे, प्रत्येक हेलपाट्यास एका दिवसाची मजुरी आणि एसटीची वाट, हा हिशेब कोणत्याही कचेरीच्या नोंदवहीत येत नाही. कर्नाटक शासनाने २०११ मध्ये नागरिकांना ठराविक मुदतीत सेवा मिळण्याची हमी देणारा कायदा केला आणि २०१२ पासून तो 'सकाल' या नावाने राज्यभर राबविण्यात आला. कन्नडमध्ये 'सकाल' म्हणजे योग्य वेळी. नेमून दिलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास दर दिवसाच्या विलंबास २० रुपये, कमाल ५०० रुपयांपर्यंत, भरपाईची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रातही २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा झाला. रक्कम लहान आहे. पण नागरिकाच्या वेळेला किंमत आहे आणि ती विलंब करणाऱ्याकडून वसूल होऊ शकते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. अर्ज दिल्यावर मिळणारी पोच व तीवरील क्रमांक जपून ठेवावा. त्यावाचून मुदत कोठून मोजावयाची, हेच सिद्ध होत नाही. आणि खिडकीच्या आत बसलेल्याने, समोरच्या रांगेतील प्रत्येक माणूस आपले कायक सोडून आला आहे, हे बसवकल्याणच्या जिल्ह्यात तरी विसरू नये.

सुरुवात केव्हा व कशी

गावाने एखादी राखीव वेळ सुरू करावयाची असल्यास ती जूनमध्ये सुरू करू नये. मृगात कोणालाही उसंत नसते आणि पहिल्याच आठवड्यात मोडलेला नेम पुन्हा उभा राहत नाही. येळवसीनंतरचा काळ यास सोयीचा आहे. तुरीची रास होत आलेली असते, दिवस लहान असल्यामुळे माणसे लवकर घरी येतात, आणि दहावीच्या मुलांची परीक्षा जवळ आलेली असते. ग्रामसभेत, आणि त्याआधी महिलांच्या बैठकीत, वेळ ठरवावी. सात वाजता स्वयंपाक अर्धा असेल तर साडेसात ठरवावी. अर्ध्या तासाने, म्हणजे सव्वा घटकेने, आरंभ केला तरी पुरे. निरक्षर प्रौढांसाठी शाळेची एक खोली उघडी ठेवावी आणि ती उघडण्याची पाळी सप्ताहाच्या पहाऱ्याप्रमाणे नावानिशी लिहून, मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत, देवळाच्या, मशिदीच्या आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लावावी. किल्ली एकाच्याच घरी राहू नये. जे कुटुंब उसाच्या तोडीला किंवा शहरात कामास गेले असेल, त्याचे नाव खोडू नये. परत आल्यावर त्याची पाळी त्याला द्यावी. मृग निघाला की वेळ निम्म्यावर आणावी, वाटल्यास आठवड्यातून दोनच दिवस ठेवावी. यादी मात्र भिंतीवरून काढू नये.